उघाडीवरचा पुतळा

आमच्या बाल्कनीतून मला माझाच पुतळा दिसतो. हे लिहितानाही ओशाळायला होतं. पुतळे माणूस गेल्यावर होतात, आणि तेही मोठ्या माणसांचे. मी बोळिंजच्या एका इमारतीत राहणारा निवृत्त कारकून. माझ्या हातून मोठं असं काही झालेलं नाही, आणि पुतळा ज्या गोष्टीसाठी उभा आहे ती तर मी केलेलीच नाही.

खाडीकाठाचं सुशोभीकरण झालं तेव्हाची ही गोष्ट. पूर्वी आमच्या गावच्या भातखाचरांना खाडीपासून वेगळं करणारा मातीचा बांध होता. खाचरांवर इमारती आल्या तसा बांध बिनकामाचा झाला. काही वर्षं त्यावर राडारोडा टाकत होते. मग एकदा पेव्हर ब्लॉक आले, स्टीलचे कठडे आले, संध्याकाळी रंग बदलणारे दिवे आले आणि बांधाला सगळे 'ट्रॅक' म्हणायला लागले. ट्रॅकच्या कडेने पुतळे बसवले आहेत. पाटी घेतलेली मासळीवाली आहे, केळीचा घड खांद्यावर घेतलेला बागाईतदार आहे, मिठाच्या राशीजवळ फावडं घेतलेला आगरी आहे. एक नांगर आहे बोटीचा, खरा, गंज काढून काळा रंगवलेला. पुतळे सगळे फायबरचे, वरून पितळी रंग. टकटक केलं की पोकळ वाजतात. लहान मुलं ते करतातच.

ट्रॅकच्या टोकाला, जिथं पूर्वी आमची उघाडी होती, तिथं शेवटचा पुतळा आहे. एक माणूस गुडघ्याएवढ्या सिमेंटच्या पाण्यात उभा राहून खांद्यानं लाकडी झडप रेटतो आहे. खाली ग्रॅनाइटची पाटी आहे, 'खाडीचा राखणदार. या भूमीचे खाऱ्या पाण्यापासून रक्षण करणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या श्रमांस.' ही वाक्यं माझी. चेहराही माझा.

उघाडी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. बांधाला एक तोंड असायचं आणि त्यात वरून टांगलेली लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं जादा पाणी झडप ढकलून खाडीत जायचं. भरतीला खाडी बाहेरून रेटायची आणि झडप आपोआप मिटायची. सोपी गोष्ट होती, पण गावाचं सगळं भात त्या झडपेच्या भरवशावर उभं असे. भातकापणी झाली की लोक झडपेत लाकडाचा टेकू घालून ती उघडी ठेवत. भरतीबरोबर मासे आणि कोळंबी आत यायची. मग टेकू काढायचा, झडप मिटायची, आणि ओहोटीला तोंडाशी जाळं लावलं की टोपली भरायची. हा हक्क घराघरांत वाटलेला होता. प्रत्येक उधाणाला एका घराचा वार. ज्याचा वार त्याची मासळी, आणि त्या दिवशी झडपेची जबाबदारीही त्याचीच. लावणी झाली की मात्र टेकूला हात लावायचा नाही. पावसाळ्यातही वार चालू असत, पण ओहोटीला बाहेर पडेल तेवढंच घ्यायचं. कोणाला अडचण असली तर तो आपला वार दुसऱ्याला देई. तोंडानं सांगितलं की झालं. त्याची कुठं नोंद नसे आणि साक्षीदारही लागत नसे.

मी तेव्हा नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते आणि घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलीचे वडील आणि मामा संध्याकाळी आमचं घर बघायला येणार होते. नेमका त्या दिवशी आमचा वार होता, आषाढातलं अमावास्येचं उधाण. आई सकाळी म्हणाली, "पाव्हने काय आपली डाळ खायला येनार? बघ काय मिळतं ते." पावसाळ्यात ओहोटीला हाती लागणारी कोळंबी मूठभर असते. खाडीचं पहिलं पाणी जरासं आत घेतलं तर मात्र टोपलीभर येते, हे मला आणि गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी पहाटेच्या ओहोटीला जाऊन झडपेत टेकू घातला. भरती लागली की अर्ध्या तासानं काढू, कोणाला कळणारही नाही, असा हिशेब होता. घरी आलो, तर आईनं शिंप्याकडच्या शर्टाची आठवण केली. विरारला जाऊन शर्ट घेतला. शिंप्यानं काजं करायची ठेवली होती, म्हणून तिथंच बसलो. टेकू मी विसरलो होतो, असं मी स्वतःला आयुष्यभर सांगत आलो. खरं असं की मला तो दोनदा आठवला आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, आणखी थोडी येऊ दे.

अमावास्येची भरती दुपारी बाराच्या सुमारास टोकाला पोचते. मी परत आलो तेव्हा लोक बांधाकडे पळत होते. उघाडीत एक माणूस छातीभर पाण्यात उभा होता. आमच्या गावातल्या एका मुलीचा नवरा. तिला भाऊ नव्हता, म्हणून लग्नानंतर तो इकडेच राहायला आला होता. वयानं माझ्याएवढाच, पण नात्यानं आम्ही सगळे त्याला भावोजी म्हणायचो. त्याचं खाचर उघाडीला लागून. झडप उघडी दिसल्यावर त्यानं उडी टाकली होती. डावा खांदा झडपेला, मान उजवीकडे पिळलेली, एक हात पाण्याखाली टेकू शोधणारा. मी पोचलो आणि त्याच क्षणी टेकू त्याच्या हातात आला, आणि त्याच क्षणी उघाडीच्या बाजूचा बांध खचला. झडप चौकटीसकट आत गेली. पाणी काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

संपूर्ण दुपार आणि संध्याकाळ गाव बांधाला पडलेली खांड बुजवत होतं. घरटी एक माणूस. बांबू, पेंढा, चिखलाचे गोळे हातोहात. मीही गळ्यापर्यंत चिखलात होतो. पाहुणे आले ते थेट बांधावरच आले. माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते तसं, आणि त्या रात्री जेवताना त्यांनी होकार दिला. कोळंबी नव्हतीच. सुकटाचं कालवण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर बैठक बसली. शेतांत खारं पाणी उभं होतं, लावलेली रोपं पिवळी पडायला लागली होती. माझे थोरले चुलते गावचे मुख्य. त्यांनी विचारलं, "वार कोनाचा होता?"

कोणीतरी माझ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, "आमचा होता. मी भावोजींना दिला. मला विरारला जायचं होतं."

हे वाक्य मी ठरवून आलो नव्हतो. ते तोंडातून बाहेर पडलं आणि मागे घ्यायला जागाच राहिली नाही. भावोजी माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला कोनी वार दिला नाही. मी झडप मिटायला गेलो होतो."

"मग टेकू तुझ्या हातात कसा?" चुलत्यांनी विचारलं.

"काढत होतो."

त्यांच्या बाजूनं बोलणारं घरच नव्हतं. त्यांच्या घराचा वार बंद झाला, उघाडीवर यायची बंदी झाली. पुढे दोन-तीन पावसाळे भात धड आलं नाही, आणि जेव्हा जेव्हा आलं नाही तेव्हा तेव्हा लोकांनी त्यांचं नाव काढलं. नाव म्हणजे त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांना बांधफोड्या म्हणायला लागले. आमच्याकडे घराला एकदा नाव पडलं की ते पिढ्या पुरतं. त्यांच्या मुलाला शाळेत बांधफोड्याचा म्हणायचे. पुढे ते खाचर विकून चंदनसारला राहायला गेले. तरी लग्नाच्या पत्रिका वाटताना गावात विचारतातच, बांधफोड्याकडे द्यायची का? मी कित्येक वेळा हा प्रश्न ऐकला आहे, आणि एकदा मीच म्हणालो आहे, "देऊन ये." त्यांना मी खऱ्या नावानं ओळखत होतो, तरी.

भावोजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्या मातीला गेलो होतो. मागे उभा होतो.

सुशोभीकरणाची समिती झाली तेव्हा जुन्या घरांतलं कोणीतरी लिहिता-वाचता येणारं हवं म्हणून मला घेतलं. नको म्हणायला कारण सापडलं नाही. पुतळ्यांचं काम करणाऱ्या मुलाची शेड गासच्या रस्त्याला होती. कला महाविद्यालयातून शिकलेला, हातावर नेहमी पांढरी पूड. त्यानं मला बोलावून घेतलं.

"काका, मासळीवाली वगैरे मला जमतं, फोटो आहेत. हे उघाडी प्रकरण मी पाहिलेलंच नाही. माणूस तिथं नेमका काय करतो?"

"उधाणात झडप मिटत नसेल तर खांदा लावतो."

"म्हणजे असा?" तो दरवाजा ढकलतात तसे दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

"असं केलंस तर वाहून जाशील."

"मग तुम्हीच ॲक्शन दाखवा ना. मी फोटो काढतो. लाजू नका काका, इथं रोज कोणीतरी नाचून दाखवतं."

शेडच्या दाराशी प्लायवूडची एक फळी उभी होती. मी तिला खांदा लावला. उघाडीत खांदा लावून उभा असलेला एकच माणूस मी आयुष्यात नीट पाहिला होता. माझं शरीर आपोआप तसं उभं राहिलं. डावा खांदा, मान उजवीकडे, उजवा हात खाली. तो चारही बाजूंनी फिरून फोटो काढत होता. "एक नंबर, काका. असंच थांबा. चेहऱ्यावर पण आलंय ते."

काय आलं होतं ते मला माहीत आहे.

पुतळा तयार झाल्यावर समितीबरोबर बघायला गेलो. धड भावोजींचं होतं आणि वर माझं तोंड होतं. तरुण केलेलं, केस दाट केलेले, पण माझंच. माझ्या बायकोनं तर लग्नाच्या फोटोशी लावून बघितलं असतं. मी त्या मुलाला बाजूला घेतलं. "चेहरा माझा कशाला केलास?"

"रेफरन्स तुमचाच होता ना काका. आणि समितीला पण आवडला. जुन्या घरातला खरा चेहरा आहे म्हणाले."

"बदलता येईल?"

"आता? फायबर ओतलंय, परवा उद्घाटन." तो हसला. "इतके काय लाजता? लोक पैसे देऊन करून घेतात."

उद्घाटनाला पुतळ्याला हार घातला आणि मलाही घातला. माइक हातात दिला. माझ्या समोर गावातली सगळी जुनी घरं बसली होती. मी म्हणालो, "सर्वांचे आभार." आणि खाली बसलो.

तेव्हापासून मी घरात अडकल्यासारखा झालो. खाली गेलो की वॉचमन पुतळ्याकडे बघून मग माझ्याकडे बघतो. भाजीवाला म्हणतो, "राखणदार काका, मेथी घ्या." ट्रॅकवर फिरायला गेलो की पोरं म्हणतात आजोबा, तसे उभे राहा ना, आणि मध्ये मला, पलीकडे पुतळ्याला धरून फोटो काढतात. फिरणं बंद केलं. बाल्कनीत बसायचो तर समोर तोच. मी दाराला जाड पडदा लावायला सांगितला. बायको तो रोज सकाळी बाजूला सारते, खाडीचा वारा येऊ दे म्हणते. शेवटी मी आतल्या खोलीत बसायला लागलो, जिथून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात. मुलगा डॉक्टरांना विचारून आला. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, बाहेर फिरायला न्या.

यंदा उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी पडदा सारायला गेलो होतो. पुतळ्यासमोर एक म्हातारी उभी होती. फोटो काढत नव्हती, पाटी वाचत नव्हती. नुसती वर बघत होती, बराच वेळ. तिच्या उभं राहण्यावरून ओळखलं. मी चपला घालून खाली गेलो. लिफ्टसाठीही थांबलो नाही.

भावोजींची बायको. ती आमच्याच आळीतली, माझ्याहून लहान, मला दादा म्हणत वाढलेली. मी जवळ गेलो तरी तिनं मान वळवली नाही.

"खांदा असाच लावायचे ते," ती म्हणाली. "डावा. दाराची कडी अडकली तरी असाच लावायचे."

मी कठड्याला टेकलो.

"मला नातू म्हनाला, आज्जी, तिकडं एक पुतळा आहे, तो आबांसारखा उभा आहे. त्यानं फोटोत पाहिलेलं, घर रंगवताना काढलेला. म्हटलं जाऊन बघू." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तू त्यांच्या अंगावर तुझं डोकं ठेवलंस, दादा."

"मी नाही ठेवलं. त्या पोरानं..."

"त्याला त्यांचं उभं राहनं कोनी दाखवलं?"

मी बाकावर बसलो. ती उभीच राहिली. मी तिला सगळं सांगितलं. आईचं म्हणणं, टेकू, शिंपी, दोनदा आठवलेलं, आणि देवळासमोरचं वाक्य. ती ऐकत होती, पण नवीन काही ऐकल्यासारखा चेहरा नव्हता.

"त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हनाले, वार दिला म्हनाला, आनि माझ्याकडं बघितलंपन नाही."

"तू कधी बोलली नाहीस."

"कोनाला बोलू? तू होतास ना तिथं. तुझ्यापेक्षा जास्त कोनाला ठाऊक?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता नातवाला मुलगी बघतायत. गावातलीच आहे, चांगली शिकलेली. तिची आजी म्हनाली म्हने, बांधफोड्याच्या घरात देताय का पोरगी? हसत म्हनाली. म्हनजे आता आमच्या तिसऱ्या पिढीलापन तेच."

"मी काय करू?"

"नारळी पुनवेला जुनी घरं येतात ना अजून नारळ सोडायला? तिथं सांग. मी येते ऐकायला."

घरी येऊन आधी बायकोला सांगितलं. ती मटार सोलत होती. सांगून झाल्यावरही सोलत राहिली. नंतर म्हणाली, "बाबा नेहमी सांगायचे, मुलगा गळ्यापर्यंत चिखलात उभा होता, तिथंच मी ठरवलं."

"होतो मी चिखलात."

"होतातच की. मी कुठं नाही म्हणते?" दाणे पातेल्यात टाकले. "जगाला सांगायचे, मुलगा कसा कष्टाळू. मरेपर्यंत सांगत होते." मग उठून आत गेली. त्या दिवशी मटारची भाजी झाली नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, इतक्या वर्षांनी कोणाला पडलंय? उगाच घरातल्या सगळ्यांना ओढताय." त्याच्या बोलण्यात चूक नव्हती. या घरातलं जे काही आहे ते त्या एका वाक्यावर उभं आहे, तो स्वतःसुद्धा.

नारळी पौर्णिमेला दुपारी जुन्या घरांची माणसं ट्रॅकच्या टोकाशी जमली. उघाडी नाही, तरी नारळ तिथूनच सोडतात. आता सगळ्यांत वडील माझा चुलतभाऊ, ज्यांनी बैठक घेतली त्या चुलत्यांचा मुलगा. गुडघ्यांमुळे त्याला खुर्ची आणली होती. भावोजींची बायको मुलाबरोबर रिक्षानं आली आणि मासळीवालीच्या पुतळ्याशेजारी उभी राहिली. लोकांनी तिला पाहिलं, आणि कोणीतरी हळूच कोणाला तरी म्हणालं, "बांधफोड्याची." मी ऐकलं. तिनंही ऐकलं असणार.

पूजा झाल्यावर, नारळ पाण्यात जायच्या आधी, मी बोललो. भाषण नव्हतं. वार आमचा होता, मी कोणाला दिला नव्हता, टेकू मी घातला, भावोजी तो काढायला पाण्यात उतरले, मी बैठकीत खोटं बोललो. समोर जो उभा आहे तो मी नाही, ते आहेत.

तरुण पोरांपैकी एकानं टाळ्या वाजवायला हात उचलले आणि कोणीच वाजवत नाही म्हणून खाली घेतले. एक बाई म्हणाली, "काकांचा स्वभावच तसा, स्वतःकडं काही घेतच नाहीत." म्हणजे तिला वाटलं, मी नम्रपणानं बोलतो आहे.

चुलतभाऊ म्हणाला, "बस खाली."

"ऐकलंस ना मी काय म्हणालो?"

"ऐकायचं काय त्यात? ठाऊक होतं."

"कोणाला?"

"सगळ्यांना. तुझी आई त्या दिवशी सकाळीच आमच्याकडून नारळ घेऊन गेली, कोळंबीच्या कालवणाला. म्हनाली, आज भरपूर येनार आहे. ज्यानं वार दुसऱ्याला दिला तो नारळ कशाला नेईल? आनि आषाढात भरपूर कोळंबी टेकू घातल्याशिवाय कुठून येते? माझ्या आईनं त्याच दुपारी बाबांना सांगितलं."

इतकी वर्षं मी जे एकट्यानं उराशी धरलं होतं, ते सगळ्या गावाकडे होतं.

"मग बैठकीत कोणी बोललं का नाही?"

"तुझ्याकडं पाव्हने होकार देऊन गेलेले. गावातलं लगीन मोडायचं का एका उघाडीपायी? बाबा म्हनाले, राहू दे. तो तसाही बाहेरचा."

ती पुढे आली. आवाज चढवला नाही. "ते बाहेरचे होते. मी कुठली होते, भाऊ? ह्या आळीतच जन्मले ना मी?"

चुलतभावानं खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली. "तुझं बरोबर आहे," एवढंच म्हणाला.

"मला पुतळा नको, पाटी नको," ती म्हणाली. "आमच्या घराला बांधफोड्या म्हनता ते आजपासून म्हनायचं नाही. तुमच्या घरी, तुमच्या सुनांच्या तोंडात, लग्नाच्या बोलनीत, कुठंच नाही. हे एवढंच."

"नाही म्हननार," चुलतभाऊ म्हणाला, आणि मग सगळ्यांकडे बघून पुन्हा म्हणाला, "ऐकलं ना?"

मागून एक म्हातारी, नातवाला बघितलेल्या मुलीची आजी तीच, तिला गप्प बसवत नाही. म्हणाली, "मग आता कोनाला म्हनायचं? नाव तर तयार आहे." आणि हनुवटीनं पुतळ्याकडे दाखवलं.

लोक हसले. फार नाही. आपल्यावरचं ओझं दुसरीकडे गेलं की हसतात तेवढे. भावोजींची बायकोही हसली, तोंडाला पदर लावून. मी हसायचा प्रयत्न केला. नारळ पाण्यात सोडले, ओहोटीनं ते पुलाच्या दिशेला गेले, आणि ती मुलाच्या हाताला धरून रिक्षात बसली. जाताना म्हणाली, "येते, दादा." एवढंच, पण दादा म्हणाली.

मी समितीकडे गेलो. म्हटलं, चेहरा बदला, किंवा निदान पाटीवर दोन ओळी घाला. त्यांनी सांगितलं, डोकं वेगळं काढता येत नाही, कापलं तर सांधा दिसेल, आणि पाटीचा विषय पुढच्या निधीत घेऊ. मी चंदनसारला जाऊन तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे तुझंच तोंड." नातवाचं लग्न ठरलं होतं. तिनं मला पेढा दिला.

नावाचं मात्र चुलतभाऊ बोलला तसं झालं. गावात आता त्यांच्या घराचं खरं आडनाव घेतात. सुरुवातीला अडखळत घ्यायचे, आता सरळ घेतात. आणि दुसरं नाव त्या म्हातारीनं जिथं ठेवलं तिथंच बसलं. आधी जुन्या घरांतली पोरं आपसात म्हणायला लागली, मग ट्रॅकवर धावायला येणारे, मग ज्यांना उघाडी म्हणजे काय हेही ठाऊक नाही ते. वडापावची गाडी 'बांधफोड्याजवळ' लागते. रिक्षा स्टँडवरचे हिंदी बोलणारेसुद्धा 'बांधफोड्या' म्हणतात, त्यांना ते एखाद्या चौकाचं नाव वाटतं. माझा नातू कॉलेजातून आला आणि म्हणाला, "आजोबा, मित्र विचारत होते, बांधफोड्या तुमचा कोण लागतो?" मी त्याला सांगितलं. तेव्हापासून तो त्या बाजूनं येत नाही, मागच्या गेटनं येतो. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलतो.

मी अजूनही आतल्या खोलीतच बसतो. आधी मला वाटायचं, सांगितलं की दार उघडेल. दार तेच आहे. फक्त आता आत का बसलो आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

काल गॅसची शेगडी दुरुस्त करणारा येणार होता. त्याला इमारत सापडत नव्हती. बायकोनं फोन घेतला. त्यानं काहीतरी विचारलं असणार. ती बाल्कनीच्या दाराशी गेली, पडदा बाजूला केला आणि खाली बघत त्याला सांगितलं, "हो, हो, तिथंच. बांधफोड्याच्या समोरची बिल्डिंग. तिसरा मजला." मग फोन ठेवला, पडदा तसाच उघडा ठेवला, आणि शेगडीवरची भांडी काढून घ्यायला स्वयंपाकघरात गेली.